लेखनाची उमेदवारी

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला निबंध लिहिता येत नाही, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. दहा-बारा वर्षे त्याने दुसरे काय केलेले असते? पावसाळ्यातील एक दिवस, नदीचे आत्मवृत्त, विज्ञान शाप की वरदान, हे सारे विषय त्याच्या लेखणीखालून एकदा नव्हे, अनेकदा गेलेले असतात. आरंभी एखादे सुभाषित, मध्ये तीन परिच्छेद आणि शेवटी देशाच्या उज्ज्वल भवितव्याविषयी आशा, असा साचाही त्याच्या हाताशी तयार असतो. साच्यात मजकूर ओतावा, तो निवू द्यावा आणि परीक्षकापुढे ठेवावा. परीक्षक गुण देतो आणि तेथे निबंधाचे आयुष्य संपते. तो पुन्हा कोणी वाचत नाही. लिहिणारा तर नाहीच नाही.

या साऱ्या खटाटोपात एकच गोष्ट राहून गेलेली असते. ती म्हणजे लिहिण्याचे कारण. नदीला काय वाटत असेल हे जाणून घेण्याची परीक्षकाला उत्सुकता नसते आणि ते सांगण्याची विद्यार्थ्याला ओढ नसते. ज्याला सांगायचे नाही तो सांगतो आणि ज्याला ऐकायचे नाही तो ऐकतो, असा हा व्यवहार असतो. मग अशा विद्यार्थ्याचे लेखक म्हणून पुढचे पाऊल पडावे कसे? येथे लेखक म्हणजे केवळ कथा-कादंबऱ्या लिहिणारा, असा अर्थ घेण्याचे कारण नाही. ज्याला स्वतःचा विचार कागदावर असा मांडता येतो की, अनोळखी माणसालाही तो समजावा आणि पटो वा न पटो, पण विचारात घ्यावासा वाटावा, तो लेखकच होय.

या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील महाविद्यालयांकडे पाहणे उद्बोधक ठरते. तेथे पहिल्या वर्षी लेखनाचा एक स्वतंत्र वर्ग बहुतेक सर्वांनाच घ्यावा लागतो. पुढे कोणाला अभियंता व्हायचे असो, कोणाला परिचारिका, कोणाला व्यापारी, या एका वर्गातून सुटका सहसा नसते. हा वर्ग आदर्श आहे म्हणून त्याकडे पाहावे, असे नव्हे. लेखन शिकविताना जेवढ्या चुका होऊ शकतात तेवढ्या बहुतेक सर्व त्याने सव्वाशेहून अधिक वर्षांत करून पाहिल्या आहेत आणि प्रत्येक चुकीतून थोडेफार शहाणपणही मिळविले आहे. त्याची खरी शिकवण त्यातच आहे.

या वर्गाचा जन्म हार्वर्ड विद्यापीठात झाला. १८७४ साली तेथील प्रवेशपरीक्षेत इंग्रजीतील एक लहानसा निबंध लिहिणे आवश्यक करण्यात आले. विषय शेक्सपिअरची नाटके, स्कॉटची कादंबरी अशा नेमलेल्या पुस्तकांतून यावयाचे. निकाल पाहून विद्यापीठ चकित झाले. चांगल्या घरची आणि चांगल्या शाळांत शिकलेली मुले. पण त्यांच्यापैकी कितीकांना आपल्या मातृभाषेत एक धड पान लिहिता येत नव्हते! यावर उपाय म्हणून ॲडम्स शर्मन हिल या प्राध्यापकांनी आग्रह धरला आणि १८८५ पासून पहिल्या वर्षी लेखनाचा वर्ग सुरू झाला. हिल हे मूळचे वृत्तपत्रकार होते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मुभा दिली होती. एकेक सक्तीचा विषय गळत गेला. पण शतकाच्या अखेरीस सर्व सक्ती उठल्यावरही या एका वर्गाची सक्ती उरली. इतर महाविद्यालयांनी तोच कित्ता गिरविला.

योगायोग असा की, १८७४ हेच वर्ष मराठी निबंधाच्या इतिहासातही कोरले गेलेले आहे. त्याच साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात निबंधमालेला आरंभ केला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे निबंध या एका शब्दाची दोन रूपे स्पष्ट दिसतात. तिकडे निबंध ही परीक्षा होती. इकडे निबंध ही गरज होती. शास्त्रीबुवांना कोणी विषय नेमून दिला नव्हता, कोणी गुण देणार नव्हते. त्यांचे आपल्या काळाशी भांडण होते, ते मांडल्यावाचून त्यांना चैन पडत नव्हते आणि ते ऐकणारा वाचकवर्ग त्यांना घडवावयाचा होता. मालेचे चौऱ्याऐंशी अंक निघाले ते या निकडीपोटी. परीक्षेसाठी लिहिलेला निबंध आणि गरजेपोटी लिहिलेला निबंध यांतील अंतर कापता येईल काय, हाच लेखनाच्या वर्गापुढचा खरा प्रश्न आहे.

हार्वर्डच्या पहिल्या पिढीने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते रोजच्या सरावाचे होते. बॅरेट वेंडेल या प्राध्यापकांनी आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना दररोज एक लहानसा मजकूर लिहावयास लावण्याची प्रथा पाडली. आज काय पाहिले, काय ऐकले, ते एका पानात लिहा, बस्स. कल्पना चांगली होती. रोज लिहावयाचे म्हटल्यावर रोज पाहावेही लागते. पण विद्यार्थ्यांची संख्या वाढली तशी शिक्षकांपुढे हजारो कागदांची रास पडू लागली आणि त्या राशीखाली मूळची कल्पना गुदमरली. उरली ती तांबडी शाई. अमुक खूण म्हणजे विरामचिन्हाची चूक, तमुक खूण म्हणजे वाक्यरचनेची चूक, असे संकेत ठरले. विद्यार्थी काय म्हणतो हे वाचण्यास कोणाला सवड राहिली नाही. १८९२ साली हार्वर्डच्या एका समितीने विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि दोषाचे खापर शाळांवर फोडले. आजच्या मुलांना लिहिता येत नाही ही तक्रार आजची नाही, एवढे तरी यावरून कळून येते!

याच काळात त्या वर्गात एक असा विद्यार्थी बसला होता की, त्याची हकीकत ऐकली म्हणजे लेखनशिक्षणाचे मर्म हाती लागते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा कृष्णवर्णीय तरुण १८८८ साली हार्वर्डमध्ये आला. दक्षिणेतील फिस्क विद्यापीठाची पदवी त्याच्या गाठीशी होती. आपल्या समाजावरील अन्यायाने त्याचे अंतःकरण पेटलेले होते. एका राजकीय पुढाऱ्याच्या विधानांनी संतापून त्याने एक जळजळीत निबंध लिहिला आणि वर्गात दिला. तो अनुत्तीर्णतेचा शेरा घेऊन परत आला. इतर विषयांत पहिल्या रांगेत बसणाऱ्या या विद्यार्थ्याला हा मोठाच धक्का होता. दुसरा कोणी असता तर त्याने शिक्षकाला पक्षपाती ठरवून वही मिटली असती किंवा स्वतःला नालायक ठरवून लेखणी टाकली असती. ड्यू बॉइसने या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. आपले म्हणणे खरे आहे, पण ते खरे असल्याने आपोआप ऐकले जाईल असे नाही, हे त्याने ओळखले. मग तो वेंडेल यांच्या वर्गात मुद्दाम जाऊन बसला. जगाला सांगण्यासारखे आपल्यापाशी काही आहे आणि ते नीट सांगता यावे म्हणून आपण येथे आलो आहोत, अशा आशयाचे उद्गार त्याने तेथील एका निबंधात काढले. वेंडेल यांना ते इतके आवडले की, त्यांनी ते वर्गात वाचून दाखविले. पुढे १९०३ साली याच लेखणीतून ‘कृष्णवर्णीयांचे अंतरंग’ उलगडून दाखविणारा जो ग्रंथ उतरला, तो अमेरिकेच्या विचारसाहित्यात अढळपद मिळवून बसला आहे.

सांगण्यासारखे काही असणे आणि ते सांगता येणे, या दोन गोष्टी आहेत. लेखनाच्या वर्गाने दीर्घकाळ दुसऱ्या गोष्टीवरच सारा भर दिला आणि पहिली विद्यार्थ्याने घरूनच आणावी अशी अपेक्षा केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलू लागले. लिहून झालेल्या कागदाऐवजी लिहिणाऱ्या माणसाकडे लक्ष गेले. जॅनेट एमिग या विदुषीने शालान्त वर्गातील आठ विद्यार्थ्यांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करावयास सांगितले आणि लेखन प्रत्यक्षात कसे घडते त्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. डोनाल्ड मरे हे तर पुलित्झर पारितोषिक मिळविलेले वृत्तपत्रकार. पुढे ते प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना तयार लेखन नव्हे तर लेखनाची प्रक्रिया शिकवा, असे त्यांनी १९७२ साली आग्रहाने मांडले. यात वस्तुतः नवे काय होते? कचेरीतील कोणताही कारकून हे जाणतो की, महत्त्वाचे पत्र एका बैठकीत तयार होत नाही. आधी कच्चा मसुदा, मग त्यावर वरिष्ठांची काटछाट, मग सुधारलेला मसुदा आणि शेवटी शुद्ध प्रत. कचेरीत जे शिपायालाही ठाऊक असते ते शाळेत मात्र कोणी सांगत नाही. शाळेत पहिला मसुदा हीच शुद्ध प्रत असते.

आता या वर्गात एक निबंध कसा वाढतो ते पाहू. समजा, अमेरिकेतील एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आहे आणि त्याने शहरातील बसवाहतुकीवर लिहावयाचे ठरविले आहे. वर्गात वीस-बावीस विद्यार्थी. पहिला मसुदा तो शाळेच्या सवयीने लिहितो. आधुनिक जीवनात सार्वजनिक वाहतुकीला अनन्यसाधारण महत्त्व आहे, असे त्याचे पहिले वाक्य असते. चूक काढण्यासारखे त्यात काही नाही. आणि लक्षात ठेवण्यासारखेही काही नाही. शिक्षिका त्या वाक्याखाली रेघ मारत नाही. समासात ती एवढेच लिहिते, “हे महत्त्व कोणाला वाटते? आणि कोणाला वाटत नाही?”

विद्यार्थी गोंधळतो, थोडासा रागावतोही. मग ठरल्या वेळी तो शिक्षिकेला भेटतो. त्या वर्गातील फार मोलाची वेळ ती हीच. शिक्षिका त्याला विचारते, “तुम्ही महाविद्यालयात कसे येता?” तो सांगतो की, दोन बस बदलून. ती विचारते, “आणि रविवारी?” रविवारी त्याच्या भागात बस येतच नाही. त्याची आई इस्पितळात रात्रपाळी करते. रात्री दहानंतर बस नसल्यामुळे तिला शेजाऱ्याच्या मोटारीची वाट पाहावी लागते. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. शिक्षिका म्हणते, “हे तुमच्या निबंधात कोठे आहे?” निबंधात हे कोठेही नसते. निबंधात आपले आयुष्य यावयाचे नसते, अशीच त्याची आजवरची समजूत असते.

दुसऱ्या मसुद्यात आई येते, रात्र येते, थांब्यावरची थंडी येते. लेखन जिवंत होते, पण ते केवळ गाऱ्हाणे असते. आता हा मसुदा वर्गातील सोबती वाचतात. त्यांच्यापैकी एकजण विचारतो, “मग नगरपालिकेने काय रिकाम्या गाड्या फिरवायच्या?” प्रश्न बोचरा असतो, पण खोटा नसतो. त्याला उत्तर द्यावयाचे तर केवळ भावना पुरत नाही. विद्यार्थी वेळापत्रके काढून पाहतो, पालिकेचे अहवाल चाळतो, चालकांशी बोलतो. त्याच्या ध्यानात येते की, गाड्या बंद करताना फक्त उतारूंची डोकी मोजली गेली. पण रात्री प्रवास करणाऱ्या त्या थोड्या उतारूंपाशी दुसरे वाहन असते की नाही, हे कोणी मोजले नाही. तिसऱ्या मसुद्यात त्याला आपला प्रश्न सापडतो. गरज मोजावयाची ती माणसांच्या संख्येवरून, की त्यांच्या निरुपायावरून? आता सार्वजनिक वाहतुकीच्या अनन्यसाधारण महत्त्वाचे ते पहिले वाक्य आपोआप गळून पडते. ते कोणी खोडावे लागत नाही. त्याला तेथे राहण्याचे काही कारणच उरलेले नसते.

या विद्यार्थ्याचे व्याकरण तीन आठवड्यांत फारसे सुधारलेले नसेल. सुधारले आहे ते दुसरेच काही. आपल्याला काय वाटते ते आधी ठाऊक असते आणि मग आपण ते लिहितो, अशी त्याची समजूत होती. लिहिल्यामुळे आपल्याला काय वाटते ते कळू लागते, हा अनुभव त्याने प्रथमच घेतला. आणि दुसरे असे की, आपल्या कागदापलीकडे एक माणूस बसलेला आहे, त्याला शंका येतात आणि त्या शंका आपल्या शत्रू नसून सोबती आहेत, हेही त्याला कळले. लेखकाची वाढ म्हणतात ती हीच.

नॅन्सी सॉमर्स या अभ्यासिकेने १९८० साली नेमक्या याच मुद्द्यावर प्रकाश टाकला. तिने पहिल्या वर्षातील वीस विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक निवडले. प्रत्येकाने तीन निबंध लिहावयाचे आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहावयाचा, असा तिचा क्रम होता. विद्यार्थ्यांना पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे वाटे. एकच शब्द दोनदा आला की तो काढावा, साध्या शब्दाजागी भारदस्त शब्द घालावा, एवढ्यावर त्यांचे समाधान होई. अनुभवी लेखकांना मात्र पुनर्लेखन म्हणजे आपल्या म्हणण्याचा आकार शोधणे वाटे आणि ते करताना वाचक काय म्हणेल याचे भान ते ठेवीत. एक भिंतीला रंग देत होता. दुसरा भिंत योग्य जागी आहे की नाही ते पाहत होता. दोन वर्षांनी तिने पस्तीस शिक्षकांचे शेरे तपासले. त्यात तिला आढळले की, पुष्कळसे शेरे कोणत्याही निबंधावर लिहिता येतील असे गुळमुळीत होते. ‘अधिक स्पष्ट लिहा’ हे कोणाला सांगता येणार नाही? म्हणजे साचा केवळ विद्यार्थ्याच्याच हाती होता असे नाही; शिक्षकही साच्यातूनच उत्तर देत होता.

या कथेतील अत्यंत हृद्य अध्याय न्यूयॉर्कमध्ये लिहिला गेला. १९७० साली न्यूयॉर्कच्या नगरविद्यापीठाने, शहरातील शालान्त शिक्षण पुरे करणाऱ्या कोणालाही प्रवेश नाकारावयाचा नाही, असे धोरण स्वीकारले. ज्यांच्या घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, ज्यांच्या घरी दुसरीच भाषा बोलली जात होती, ज्यांच्या शाळांची दुरवस्था होती, अशी हजारो मुले वर्गात आली. त्यांच्या वह्या पाहून कित्येक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. ही मुले शिकण्याच्या योग्यतेचीच नाहीत, असे उघड बोलले जाऊ लागले. सिटी कॉलेजमध्ये या वर्गांची धुरा मिना शॉनेसी या शिक्षिकेने वाहिली. तिने प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध गोळा केले आणि त्यांतील चुका मोजण्याऐवजी त्या समजून घेतल्या. १९७७ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चुका आळसातून किंवा मंदबुद्धीतून येत नाहीत, त्यांच्यामागे तर्क असतो, असे तिने दाखवून दिले. ही मुले अपात्र नाहीत. ती नवशिकी आहेत आणि नवशिक्याला चुकतमाकतच शिकावे लागते.

हे म्हणणे मराठी माणसाला पटण्यास अवघड जाऊ नये. लहान मूल ‘धरले’, ‘भरले’, ‘मारले’ असे ऐकते आणि एके दिवशी ‘मी करले’ म्हणते. ऐकणारे हसतात. पण ते मूल नियम चुकलेले नसते. उलट त्याने नियम ओळखलेला असतो, अपवाद तेवढा त्याला अजून भेटलेला नसतो. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीत वाढलेले मूल वर्गात आपल्या बोलीतले वाक्य लिहिते तेव्हा त्याच्या वहीवर ‘अशुद्ध’ असा शेरा पडतो. त्या एका शब्दाने त्याची किती वाक्ये कायमची घशात अडकून राहिली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. प्रमाणभाषा त्याला आली पाहिजे यात शंका नाही. तिच्यावाचून त्याचा अर्ज, त्याची तक्रार, त्याचा युक्तिवाद दूरवर पोहोचणार नाही. पण ती त्याला वाढीव म्हणून द्यावयाची, की आधीचे हिरावून घेऊन द्यावयाची, यावर सारे अवलंबून आहे.

पुढे सॉमर्स यांनी हार्वर्डमध्ये आणखी एक मोठा अभ्यास हाती घेतला. २००१ साली पदवीधर व्हावयाच्या तुकडीतील ४२२ विद्यार्थ्यांचा मागोवा त्यांनी चारही वर्षे घेतला. कोणते विद्यार्थी लेखक म्हणून वाढतात? मुळात उत्तम लिहिणारेच वाढतात, असे उत्तर अपेक्षित असते. निष्कर्ष निराळा निघाला. आपण नवखे आहोत हे जे पहिल्या वर्षी मोकळेपणाने मान्य करतात आणि ज्यांना लेखनात गुणांपलीकडचा काही हेतू दिसू लागतो, ते वाढतात. शाळेत यशस्वी ठरलेल्या पद्धतीलाच जे चिकटून बसतात, त्यांची वाढ खुंटते.

मराठीत याला एक सुंदर शब्द आहे. तो म्हणजे उमेदवारी. निवडणुकीने या शब्दाचा अर्थ बराच बिघडविला आहे; पण सोनाराच्या दुकानात किंवा वकिलाच्या कचेरीत त्याचा जुना अर्थ अजून टिकून आहे. उमेदवार हा अज्ञानी असतो, पण त्याच्या अज्ञानाला तेथे जागा असते. तो खऱ्या सोन्यावर, खऱ्या कज्ज्यावर काम करतो. त्याचे काम खोटे नसते, फक्त त्याच्यावर जाणत्याची नजर असते. पहिल्या वर्षाचा लेखनवर्ग म्हणजे अशी उमेदवारी होय, किंवा ती तशी असावयास हवी.

या वर्गाची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेत हा वर्ग शिकविण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर संशोधक विद्यार्थी आणि तुटपुंज्या मोबदल्यावरील अर्धवेळ शिक्षक करतात. ज्या कामाला सर्वांत अधिक वेळ आणि सहानुभूती लागते, तेच काम सर्वांत स्वस्तात करून घेतले जाते. एका सत्रात शिकलेले पुढच्या विषयांत आपोआप उपयोगी पडते असेही नाही. बसवाहतुकीवर नेटके लिहिणारा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या अहवालात पुन्हा अडखळतो. म्हणून ही सक्तीच काढून टाकावी, असे म्हणणारेही तेथे आहेत. एका वर्षात लेखक तयार होत नाही, हे खरेच आहे. पण एका वर्षात लेखक होण्याची तयारी होऊ शकते आणि ती वाया जाणारी गोष्ट नव्हे.

आता या साऱ्या विचारावर एक नवे सावट आले आहे. नोव्हेंबर २०२२ पासून, सांगितल्याबरोबर निबंध लिहून देणारी संगणकीय यंत्रे सर्वसामान्यांच्या हाती आली. साच्यातला निबंध ही यंत्रे विद्यार्थ्याहून सफाईदारपणे लिहितात. आरंभीचे सुभाषित, मधले तीन परिच्छेद, शेवटची आशा, सारे क्षणात तयार! तेव्हा निबंध म्हणजे मजकूर, एवढाच अर्थ असेल तर लेखनाचा वर्ग बंद करणेच शहाणपणाचे ठरेल. पण त्या बसच्या थांब्यावरील विद्यार्थ्याला लाभ झाला तो मजकुराचा नव्हता. पहिला आणि तिसरा मसुदा यांच्यामध्ये त्याच्या मनात जे घडले तो लाभ होता. दुसऱ्याने आपल्यासाठी व्यायाम केला तर आपले दंड भरत नाहीत. यंत्राने साच्याची किंमत शून्यावर आणली आहे. त्यामुळे साच्यापलीकडच्या लेखनाची किंमत उलट वाढली आहे, असेच म्हणावे लागते.

आपल्याकडील वर्गात शंभर-शंभर विद्यार्थी असतात. प्रत्येकाला भेटीची वेळ देणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही, ही अडचण खरी आहे. पण सर्वच गोष्टींना पैसा लागतो असे नाही. वर्षात दहा निबंध एकदा लिहून घेण्याऐवजी तीन निबंध तीनदा लिहून घेता येतील. मसुदा शिक्षकाकडे जाण्यापूर्वी बाकावरच्या सोबत्याने वाचावा आणि त्याला पडलेला एक खरा प्रश्न खाली लिहावा, एवढा नियम करता येईल. विषयाऐवजी प्रश्न देता येईल. त्याहून चांगले म्हणजे प्रश्न विद्यार्थ्यालाच शोधावयास सांगता येईल. आणि पहिल्या मसुद्याला गुणच द्यावयाचे नाहीत, असे ठरविता येईल. पडण्याची भीती गेली म्हणजे चालण्याचा हुरूप येतो.

वर्गासाठी लिहिलेल्या कागदातून काय घडू शकते, याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पदवीधर होऊन गेले होते, तेव्हा त्यांचा वर्ग पहिल्या वर्षाचा नव्हता. पण तेही तेथे विद्यार्थीच होते. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. वय २५ वर्षे. विषय असा की, त्याचे चटके स्वतः सोसलेले. तरीही त्यांनी गाऱ्हाणे मांडले नाही, प्रश्न मांडला. ही संस्था घडते कशी, टिकते कशी आणि पसरते कशी? जातीतल्या जातीत विवाह करण्याच्या बंधनात त्यांनी तिचे मूळ शोधले. आणि आपला सिद्धान्त निराधार ठरल्यास तो सोडून देण्याची आपली तयारी आहे, असेही त्यांनी निबंधाच्या शेवटी नमूद केले. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध प्रसिद्ध झाला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही अभ्यासकांना तो ओलांडून पुढे जाता येत नाही.

चर्चावर्गातील पंधरा-वीस पाने. पण त्यांत सांगण्यासारखे काही होते, ते नीट सांगण्याचे कष्ट होते आणि चूक दाखविल्यास ऐकण्याची तयारी होती. या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला देणे कोणत्याही शिक्षकाच्या हाती नसते. त्या त्याच्यातून उमलाव्यात म्हणून त्याला वेळ द्यावा, खरा प्रश्न विचारावा आणि त्याचे लिहिणे मन लावून वाचावे, एवढे मात्र निश्चित हाती असते. ज्याचा शब्द कोणीतरी एकदा मन लावून वाचला, तो दुसरा शब्द अधिक जबाबदारीने लिहितो.